तारीख कोर्टात, साक्ष स्टेटसवर

कोल्हापूरला आवाज करून मिळवायची सवय आहे आणि ती सवय काही वाईट नाही. टोल घालवला तो रस्त्यावर उतरून. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला इथं सुरू झालं, त्यामागं सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं केलेली आंदोलनं होती. त्याच महिन्यात नांदणीच्या मठातून रिलायन्सच्या वनतारा केंद्रात नेलेल्या महादेवी हत्तिणीसाठी लोक पायी मोर्चा घेऊन शहरात आले, जिओची सिमकार्डं पोर्ट झाली, जो फोन उघडावा त्यावर तेच स्टेटस. सरकारला दखल घ्यावी लागली.

मग संसार मोडायची वेळ आली की माणूस हेच हत्यार उपसतो, यात नवल काय? वकिलाकडं जायच्या आधी स्टेटस पडतं. ‘वेळ सगळ्यांची येते’ इथून सुरुवात. मग नाव न घेता टोमणे, मग नावासकट आरोप, आणि शेवटी लेकराचा फोटो लावून ‘माझ्या काळजाचा तुकडा माझ्यापासून तोडला’.

वकिली करताना हे सतत बघतो आणि माझं मत आता ठाम झालंय. आंदोलनात आवाज चालतो, कारण समोर सरकार असतं आणि सरकारला लोक बिथरायची धास्ती असते. कौटुंबिक न्यायालयात समोर न्यायाधीश असतात. तुमच्या बाजूनं किती जणांनी बदाम टाकले हे त्यांना मोजायचं नसतं. उलट तुम्ही केलेला आवाजच कागद होऊन तुमच्यापुढं येतो. म्हणून घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा अर्ज चालू असेपर्यंत दोन्ही बाजूंनी त्या विषयावर समाजमाध्यमांवर एक अक्षरही लिहू नये. आणि मुलांच्या बाबतीत तर न्यायालयानं पहिल्याच तारखेला तसं लेखी बजावावं. पहिली गोष्ट सगळे मान्य करतात आणि संध्याकाळी मोडतात. दुसरी बऱ्याच जणांना मान्यच नाही.

कागद होऊन येतो म्हणजे कसा, ते सांगतो. झेरॉक्सवाल्याकडून काढलेली रंगीत प्रिंट असते. वरच्या कोपऱ्यात रात्रीचे एक वाजून बारा मिनिटं, बॅटरी चौदा टक्के. मधे काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत सासूबद्दल दोन ओळी, शेवटी तीन ज्वाळा. आणि सगळ्यात वर, जिथं स्टेटस ठेवणाऱ्याचं नाव दिसतं तिथं लिहिलेलं असतं ‘ताई कदमवाडी’. जिच्या फोनवरून हा स्क्रीनशॉट निघाला, तिनं नंबर ज्या नावानं साठवला होता ते नाव. पक्षकार बाई ती प्रिंट हातात घेते, मजकुराकडं बघतही नाही. त्या नावाकडं बघत राहते. आपल्याला ताई म्हणणारी ही कोण, तेवढं तिच्या लक्षात आलेलं असतं. नवऱ्याला ब्लॉक केलं होतं, नणंदेला केलं होतं, सासरचा सगळा गोतावळा यादीतून काढला होता. फोडलं ते माहेरच्या बाजूनं.

ब्लॉक केलं म्हणजे झालं, हा भ्रम आधी सोडायला हवा. कोल्हापुरात तर फारच. शिवाजी पेठेतला माणूस राजारामपुरीत कुणाचा तरी मावसभाऊ असतो, तालमीच्या ग्रुपवरचा एक पोरगा नवऱ्याच्या भावाबरोबर फुटबॉल खेळलेला असतो. स्टेटस चोवीस तासांनी जातं. स्क्रीनशॉट जात नाही.

आता कायदा काय म्हणतो? साध्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून काय चालतं आणि काय नाही, यावर बरीच झटापट होते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ नं मात्र या न्यायालयाला मोकळीक दिली आहे. वाद नीट निकाली काढायला मदत होईल असं वाटलं तर न्यायालय कुठलाही कागद, जबाब, माहिती विचारात घेऊ शकतं. पुराव्याच्या नेहमीच्या नियमांत ती बसो न बसो. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते, म्हणजे त्या फाइलचा ठसाच म्हणा. त्यामुळं ‘हे माझं नव्हे, कुणीतरी बनवलंय’ असं म्हणून सुटणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. आणि केस उभी राहिल्यावर घाईघाईनं सगळं डिलीट करत सुटणं हा तर उपाय नव्हेच. पुरावा म्हणून हजर करावा लागू नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पक्षकाराला मी सांगतो ते एवढंच: नवीन टाकू नका, जुनं आहे ते मला दाखवा, त्याला हात लावू नका.

सगळ्यात जास्त माणसं आपटतात ती पोटगीच्या अर्जात. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न, खर्च आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं असं ठरवून दिलं. समजा, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला असलेला एक जण शपथपत्रात लिहितो की ओव्हरटाइम बंद झालाय, हातात काही राहत नाही. खरंही असेल. पण त्याच आठवड्यात त्याच्या इन्स्टाग्रामवर जोतिबाच्या डोंगरावर हार घातलेली नवीकोरी गाडी, बॉनेटवर गुलाल, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि खाली ‘विषय हार्ड’. गाडी मेहुण्याची. हे त्याला उलटतपासात सिद्ध करत बसावं लागतं, आरसी बुक आणावं लागतं, मेहुण्याला साक्षीला आणावं लागतं, आणि एवढं करूनही न्यायाधीशांच्या मनात एक शंका राहते ती राहतेच. दुसऱ्याच्या गाडीपुढं उभं राहून फोटो काढायची हौस कोल्हापुरात जुनी आहे, पूर्वी फक्त तिची फाइल होत नव्हती.

बायकांच्या बाबतीत फोटो वेगळ्या पद्धतीनं वापरले जातात, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय एकतर्फी होईल. नवऱ्याचा गाडीसोबतचा फोटो त्याच्या पैशाबद्दल बोलतो. बायकोचा रंकाळ्यावर मैत्रिणींबरोबर हसतानाचा फोटो तिच्या चारित्र्याबद्दल बोलतो असं गृहीत धरलं जातं. ‘जाबदार यांना मुलाची काळजी नाही, त्या फिरण्यात मग्न असतात’ असं अर्जात लिहून असा फोटो जोडणारे माझे व्यवसायबंधू आहेत. नोकरीवरच्या सहकाऱ्यासोबत मालवणच्या सहलीचा ग्रुप फोटो असला की मग विचारूच नका. बाकी वीस जण कापून दोघंच ठेवलेली प्रिंटही मी पाहिली आहे. हा हलकटपणा आहे. न्यायालय त्याला किंमत देईलच असं नाही, पण तोवर तो कागद दोन्ही घरांत फिरून आलेला असतो. अशा वेळी बाईला ‘तू फोटो टाकू नकोस’ असं सांगणं मला स्वतःलाच खुपतं, कारण चूक कापणाऱ्याची असते. तरीही सांगतो.

इथंच एक मोठा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘गप्प बसा’ हे बाईला पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. घरातलं घरात ठेव, चार लोकांत बोभाटा नको. तिला आता कुठं चार लोकांसमोर बोलायला जागा मिळाली, तर वकीलही म्हणतात बोलू नको? ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला, तिथं शंभर वर्षांनी बाईनं तोंडाला कुलूप लावायचं? मारहाण होत असताना, पोलीस ठाण्यात नुसतं बसवून ठेवत असताना, एखाद्या व्हिडिओमुळं यंत्रणा हलल्याचंही आपण पाहिलंय. जीव धोक्यात असेल तेव्हा जे हाताला लागेल ते वापरावं, त्यात मी आडवा येणार नाही.

पण छळाची तक्रार आणि छळाचं स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ११२ ला फोन, १८१ ही महिला हेल्पलाइन, संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचं प्रकरण, यातल्या प्रत्येक ठिकाणी तुमच्या बोलण्याची नोंद होते आणि त्यावर काहीतरी करणं समोरच्याला भाग असतं. स्टेटसवर फक्त बघितल्याची नोंद होते. शिवाय तक्रारीत तारीख, वेळ, कुठं लागलं, कोण हजर होतं असं सगळं शांतपणे सांगावं लागतं. स्टेटसमध्ये रागाच्या भरात एक शब्द जास्त पडतो, आणि समोरचा वकील त्या एका शब्दावर दोन तास उलटतपास घेतो. खऱ्या छळाची केस त्या शब्दापायी लंगडी होते. बोलायचं नाही असं कुणी म्हणत नाही. जे स्टेटसला लिहिणार होता ते शपथपत्रात लिहा, तिथं त्याला वजन आहे.

उलट बाजूही आहे. बिनबुडाचे आरोप जाहीरपणे करत सुटणं हाच क्रूरपणा ठरू शकतो. के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की जोडीदारावर किंवा त्याच्या नातेवाइकांवर निराधार, असभ्य, बदनामीकारक आरोप करणं, त्याच्या नोकरी-धंद्यावर परिणाम होईल अशा नोटिसा किंवा बातम्या छापून आणणं, ही मानसिक क्रूरता होऊ शकते. तेव्हा बातम्या म्हटलं होतं. आज नवऱ्याच्या कंपनीच्या पेजवर जाऊन केलेली कमेंट किंवा बायकोच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवलेला मेसेज यात बसणार नाही असं कोण म्हणेल? म्हणजे समोरच्याला घटस्फोटाचं कारण आपणच तयार करून द्यायचं, तेही फुकटात.

टेहळणीबद्दल थोडक्यात. बायकोचा पासवर्ड नवऱ्याला पाठ असतो, नवऱ्याचा जीमेल बायकोच्या जुन्या फोनवर उघडाच राहिलेला असतो, मुलाच्या टॅबवर दोघांचेही फोटो आपोआप येत राहतात. वेगळं राहायला लागल्याच्या दिवशीच हे सगळं तोडावं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, आणि बाईच्या इंटरनेट वापरावर पुरुषानं पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पाठलाग करण्याच्या गुन्ह्यात मोडतं. लोकांना मात्र एवढंच माहीत असतं की सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग प्रकरणात पत्नीच्या नकळत रेकॉर्ड केलेलं फोनवरचं संभाषण पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. त्या निकालाचा तर्क कळतो: एकमेकांवर पाळत ठेवायची पाळी आली तर तो संसार आधीच मोडलेला असतो. पण निकाल आल्यापासून जो तो रेकॉर्डर चालू करूनच बोलतोय. समझोत्याची बोलणी करायला आलेला जावई टेबलावर फोन पालथा ठेवतो आणि सासरे त्या पालथ्या फोनकडंच बघत बोलतात. असल्या बोलण्यातून काय समझोता निघणार? आणि पुरावा म्हणून न्यायालयात दाखल होणं वेगळं, नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडणं वेगळं. निकालानं पहिल्याला वाट दिली. दुसऱ्याला दिलेली नाही.

आता मुलांबद्दल, कारण हा सगळा खटाटोप मी त्यांच्यासाठी मांडतोय. मोठ्यांनी आपापल्या पायावर धोंडा पाडून घेतला तर तो त्यांचा प्रश्न. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात आज फोन असतो, नाही तर आजीचा फोन तरी असतो. आईनं बाबांबद्दल काय लिहिलं, आत्यानं आईबद्दल काय लिहिलं, हे त्याला न्यायाधीशांच्या आधी कळतं. वर्गातल्या पोरांना त्याच्याही आधी कळलेलं असतं, कारण त्यांच्या आया शाळेच्या पालक ग्रुपवर असतात.

आणि मग तो व्हिडिओ. मुलाला खुर्चीवर बसवायचं, कॅमेरा चालू करायचा आणि विचारायचं, ‘सांग बाळा, तुला कुणाकडं राहायचंय? बाबांकडं काय होतं तुला?’ पोरगं विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघतं. उत्तर देण्याआधी बघतं, देऊन झाल्यावर पुन्हा बघतं, बरोबर आलं का म्हणून. हा व्हिडिओ घेऊन लोक माझ्याकडं मोठ्या आशेनं येतात. मी आवाज बंद करून तो त्यांना पुन्हा दाखवतो आणि फक्त मुलाचे डोळे बघायला सांगतो. काहींना कळतं. ताब्याच्या प्रकरणात मुलाचं हित सर्वोच्च, हे तत्त्व १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यापासून १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यापर्यंत चालत आलंय. मुलाला पढवून दुसऱ्या पालकाविरुद्ध उभं करण्याचे दुष्परिणाम सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या निकालात सविस्तर सांगितले आहेत. मुलाचं मत ऐकायचं तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून घेतात, तिथं ना आई असते ना बाप. घरी काढलेला व्हिडिओ मुलाचं मत सांगत नाही. कॅमेऱ्यामागं कोण होतं ते सांगतो.

गंमत म्हणजे हाच फोन मुलासाठी चांगला वापरता येतो. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ज्या पालकाकडं ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, व्हिडिओ कॉल ही त्याची चांगली सोय आहे. पण आपल्याकडं त्या पाच मिनिटांचंही रेकॉर्डिंग होतं, आणि मुलाच्या मागं उभी राहून कुणीतरी खुणा करत असतं.

म्हणून मला न्यायालयाकडून काहीतरी हवंय. बंदीचा जाड हुकूम नको; असे हुकूम ज्याच्याकडं पैसा आणि वकील भारी, त्याच्या बाजूनं फिरतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये सोय आहे की सुनावणी बंद दाराआड होईल आणि त्यातला मजकूर कुणी छापायचा किंवा प्रसिद्ध करायचा नाही. दंड किती? हजार रुपयांपर्यंत. कायदा केला तेव्हा कायदेमंडळासमोर छापखाना होता, खिशातला फोन नव्हता. या कलमाची आठवण पक्षकाराला कोण करून देतं? कुणीच नाही, निम्म्या वकिलांनाही ते परीक्षेनंतर आठवत नाही. पहिल्या तारखेला पक्षकार समुपदेशकाकडं जातात तेव्हा मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद त्यांच्या हातात द्यावा आणि सही घ्यावी. मुलाचा फोटो, नाव, शाळा, आवाज कुठंही टाकणार नाही. सुनावणीतलं आणि समुपदेशनातलं काही बाहेर सांगणार नाही. मुलाला दुसऱ्या पालकाबद्दलचा मजकूर दाखवणार नाही. एवढ्याच तीन गोष्टी. मोडल्या तर ताब्याचा आणि भेटीचा आदेश करताना ते विचारात घेतलं जाईल, हेही त्यात लिहावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. मुलाचं हित बघायचा अधिकार न्यायालयाकडं आहेच.

यावर एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की कागदावर सह्या घेऊन माणसं सुधारत नाहीत. बरोबर आहे. पण रात्री एक वाजता पोस्ट करायला हात गेला आणि आपण कुठंतरी सही केलीय एवढं आठवलं, तरी काही पोस्टी सकाळपर्यंत थांबतील. सकाळी त्यातल्या बऱ्याच पडणार नाहीत.

खरा घोळ नातेवाइकांचा आहे. ते पक्षकार नसतात, त्यांची सही घेता येत नाही. नवरा-बायको दोघंही समंजस आणि मुलीची आत्या रोज एक सुविचार टाकतेय, मामा त्याला उत्तर देतोय, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. परस्पर संमतीनं मिटायला आलेलं भांडण त्या जुगलबंदीत वर्षभर लांबतं. म्हणून समझोत्याच्या अटी लिहिताना मी आता एक अट घालतो: आपापल्या घरच्यांनी टाकलेला मुलाबद्दलचा मजकूर आठ दिवसांत काढून घ्यायला लावण्याची जबाबदारी त्या त्या पालकाची. परवा एका गडहिंग्लजच्या पक्षकारानं ही अट वाचली, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, बाकी सगळं मान्य. पण आक्काला सांगायचं कुणी?’ त्या अटीखाली त्यानं सही केली, आणि आक्काला सांगायला निघायच्या आधी आमच्याच ऑफिसात बसून एक कप चहा मागवला.